जुन्या कॉम्प्युटरवर मोफत सॉफ्टवेअर: आधी काय, नंतर काय

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव मुदतीची एक योजना आहे, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले धडधाकट कॉम्प्युटर यादीतून बाद झाले आहेत. हा लेख अशाच मशीनसाठी आहे: चालतंय, पण रडतखडत; टाकवत नाही आणि वापरवतही नाही.

वाचणाऱ्याला फाइल कॉपी-पेस्ट करता येते आणि ब्राउझर वापरता येतो एवढंच मी गृहीत धरलंय. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करण्याची वेळ इथे कुठेही येणार नाही.

लिनक्स ही विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. तिच्याकडे वळू पाहणारे बहुतेक लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. एका रविवारी उत्साहाच्या भरात विंडोज पुसतात, लिनक्स टाकतात, सोमवारी ऑफिसची फाइल उघडत नाही म्हणून हैराण होतात आणि मंगळवारी परत विंडोज. दोष लिनक्सचा नसतो, क्रमाचा असतो. आधी मशीन तपासायचं, मग बॅकअप, मग आहे त्या विंडोजवरच नव्या सॉफ्टवेअरची सवय, आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम. खाली तोच क्रम आहे.

मशीन तपासा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात जा. मेमरी किती आहे आणि डिस्क एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (आत काहीही न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क), हे तिथेच लिहिलेलं असतं. आता कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा आणि पहिली पाच मिनिटं हाच पडदा बघत बसा. सीपीयू (प्रोसेसर) दहा-वीस टक्क्यांवर आरामात आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकलेली, असं दिसलं तर रोगाचं निदान झालं. मशीन हळू नाही, त्यातली फिरती हार्ड डिस्क हळू आहे.

फिरत्या डिस्कमध्ये वाचणारं टोक प्रत्येक तुकड्यासाठी जागेवरून हलावं लागतं. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या लहान फाइली वाचायच्या तर सेकंदाला शंभरएक वाचनांच्या आसपासच तिची दमछाक होते. साध्या एसएसडीला अशी हजारो वाचनं सहज जमतात. सिस्टिम सुरू होणं म्हणजे नेमकं हेच, हजारो लहान फाइली वाचणं. म्हणून पुढचं सगळं वाचण्याआधी सांगतो: डिस्क फिरती असेल तर ती बदलून एसएसडी बसवणं याच्या पासंगालाही कुठलं सॉफ्टवेअर किंवा सेटिंग पुरत नाही. या लेखातली पैसे खर्च करायला लावणारी सूचना एवढीच, आणि सगळ्यात उपयोगाची हीच.

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची एक पद्धत) डिस्क असते, त्याच मापाची साटा एसएसडी तिच्या जागी बसते. एम.२ची (पट्टीसारख्या एसएसडीची) जागा असेल तर ती साटाची आहे की एनव्हीएमई या दुसऱ्या पद्धतीची, हे मॉडेलची माहिती काढून बघा. दोन्हींची पट्टी दिसायला सारखी असते, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. रॅमचंही (म्हणजे मेमरीचंही) तसंच: डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही. ४ जीबी रॅमवर काम भागतं, ८ असेल तर निवांत. मेमरी खाणारा खरा खादाड हल्ली ब्राउझर असतो, ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे.

बॅकअप, आणि तो उघडून बघणं

डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळ्यांच्या लक्षात असतात. विसरतात त्या या गोष्टी: डेस्कटॉपवर पडलेल्या फाइली, डाउनलोड्स फोल्डर, ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, मेल प्रोग्रामनं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेला टपाल साठा, हिशेबाच्या सॉफ्टवेअरनं थेट सी ड्राइव्हमध्ये केलेलं स्वतःचं फोल्डर, आणि विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या किल्ल्या. एक कागद घ्या आणि तुम्ही वापरता त्या प्रत्येक प्रोग्रामचं नाव लिहून त्याच्यापुढे त्याचा डेटा कुठे असतो ते लिहा. हा कागद पुढे आणखी एका कामाला येणार आहे.

बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. महत्त्वाच्या गोष्टींची दुसरी प्रत आणखी कुठेतरी ठेवा. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइली खरोखर उघडा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबून डिस्क पुसणं हा शुद्ध जुगार आहे.

आणखी एक, विशेषतः लॅपटॉपवाल्यांसाठी. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. पुढे आपण बूटच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होण्याच्या, सेटिंगला हात लावणार आहोत, आणि तेव्हा विंडोज ही की मागून बसू शकतं. विंडोजच्या शेजारी लिनक्स ठेवायचा विचार असेल तर एन्क्रिप्शन आधी पूर्ण बंद करा. त्याला तास-दोन तासही लागू शकतात, मध्येच तोडू नका.

विंडोजवरच नवी भांडीकुंडी

आता त्या कागदावरची यादी पुन्हा काढा. प्रत्येक प्रोग्रामला मोफत आणि मुक्त (ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो असा) पर्याय आहे का ते बघायचं आणि तो आत्ता, विंडोजवरच वापरायला लागायचं. खाली सांगितलेले बहुतेक प्रोग्राम लिनक्सवरही जसेच्या तसे चालतात. हातांना त्यांची सवय झाली की मागची सिस्टिम बदलली तरी फारसा धक्का बसत नाही.

वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेला हा प्रकल्प. पहिल्यांदा उघडल्यावर बटणांची जुन्या वळणाची रांग बघून लोक नाक मुरडतात. व्ह्यू मेन्यूत यूझर इंटरफेस म्हणून पर्याय आहे, तिथे टॅब्ड निवडलं की वर्डसारखी पट्टी येते. दुसरी सेटिंग जास्त महत्त्वाची. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल या वाटेनं जा आणि कागदपत्रं कायम वर्डच्या रूपात जतन व्हावीत असं ठरवून टाका, निदान तुमच्या फाइली इतरांना पाठवाव्या लागत असतील तर. दुसऱ्याची फाइल उघडल्यावर पानं पुढेमागे सरकलेली दिसली तर दोष बहुधा फॉन्टचा असतो. कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाच्या मापाचे कार्लिटो आणि कॅलाडिया हे मुक्त फॉन्ट आहेत. अक्षरांची रुंदी तीच ठेवलेली असल्यामुळे ओळी जिथल्या तिथे तुटतात. मॅक्रोनं (फाइलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामनी) भरलेल्या एक्सेल फाइली मात्र नीट तपासा. तिथे खात्री देता येत नाही.

ब्राउझरसाठी फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी. जाहिराती तर जातातच, पण जुन्या मशीनवर खरा फायदा म्हणजे पान हलकं होतं. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथे यूब्लॉकची पूर्ण आवृत्ती चालत नाही, फायरफॉक्सवर चालते. एक्स्टेन्शन एवढं एकच ठेवा. दहा लावली तर मशीन पुन्हा होतं तिथेच.

व्हिडिओसाठी व्हीएलसी, झिप फाइलींसाठी ७-झिप, पासवर्डसाठी कीपासएक्ससी, फोटोवर काम करायला जिंप, चित्रं काढायला क्रिता, रेषाचित्रं आणि लोगोसाठी इंकस्केप. यातलं जे लागेल तेच घ्या. कीपासएक्ससीबद्दल दोन शब्द जास्त: ते सगळे पासवर्ड एकाच कुलूपबंद फाइलमध्ये ठेवतं, आणि ती फाइल तुमच्याकडेच असते. म्हणजे तिचा बॅकअपही तुमचीच जबाबदारी. मुख्य पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवून देणारं कोणी नाही.

उतरवताना प्रोग्रामच्या मूळ वेबसाइटवरूनच उतरवा. शोधयंत्रात नाव टाकलं की वरच्या एक-दोन ओळी जाहिरातींच्या असतात, आणि तिथे मोठ्या हिरव्या डाउनलोड बटणाआड भलतंच काही निघतं. मोफत सॉफ्टवेअर घेऊन व्हायरस मिळाल्याच्या तक्रारी बहुतेक तिथूनच निघतात.

महिनाभर असं चालू द्या. कागदावरच्या यादीत एखादा प्रोग्राम उरलाच, ज्याला पर्याय नाही किंवा पर्याय चालवून घेता येत नाही, तर त्याच्याभोवती गोल करा. फोटोशॉप, ऑटोकॅड, डेस्कटॉपवरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस हे लिनक्सवर थेट चालत नाहीत. फसवेगिरी पकडणारी सुरक्षा खोलवर बसवणारे काही ऑनलाइन खेळही चालत नाहीत. रोजची भाकरी अशा प्रोग्रामवर असेल तर विंडोज सोडू नका. सोडलंच पाहिजे असा काही नेम नाही.

विंडोजवरच राहणाऱ्यांसाठी थोडक्यात: टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात जाऊन न लागणारे प्रोग्राम बंद करा. फाइल एक्स्प्लोररमध्ये फाइलींची एक्स्टेन्शनं (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं) दिसतील असं करा, म्हणजे पीडीएफचं सोंग घेतलेली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल, ओळखू येईल. रोजच्या वापराला ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं ठेवा. रजिस्ट्री साफ करणारे, रॅम मोकळी करणारे आणि ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय असे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) शोधून देणारे जे काही प्रोग्राम आहेत, ते सगळे काढून टाका. त्यांच्या नसण्यानं मशीन जेवढं सुधारतं तेवढं असण्यानं कधी सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. आणि वापरात असलेल्या विंडोजला सुरक्षेचे अपडेट मिळत आहेत ना, एवढं पाहा.

लिनक्स कुठलं?

या प्रश्नावर लोक रात्र रात्र वाद घालतात. नवख्यानं त्यात पडू नये. लिनक्सचे अनेक अवतार आहेत, त्यातलं लिनक्स मिंट घ्या. २००६ पासून चालत आलेला प्रकल्प आहे, मांडणी विंडोजच्या वळणाची आहे, आणि जवळपास प्रत्येक सेटिंग माउसनं बदलता येते. सध्याची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती, ४ असेल तर एक्सएफसीई. दुसरी दिसायला साधी आहे, पण जुन्या मशीनवर पळते. मिंटवाले किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा सांगतात. ते इन्स्टॉल होण्यापुरतं खरं आहे. जागा १०० जीबी द्या.

पेन ड्राइव्ह तयार करणं

८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल (सगळी सिस्टिम भरलेली एकच मोठी फाइल) उतरवा, साधारण ३ जीबीची असते. तुम्हाला जवळ पडणारा मिरर (त्याच फाइली ठेवणारा दुसरा सर्व्हर) निवडलात तर लवकर उतरते.

आता ती फाइल तपासायची. ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून कारण सांगतो. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्या वेबसाइटमध्ये घुसखोरी झाली आणि सिनॅमन आवृत्तीचा दुवा चोरवाट ठेवलेल्या बनावट फाइलकडे वळवला गेला. असं रोज होत नाही. पण अर्धवट उतरलेली किंवा वाटेत बिघडलेली फाइल मात्र नेहमीची गोष्ट आहे, आणि ती इन्स्टॉल करताना मध्येच, कळेल न कळेल अशी चूक दाखवून थांबते. ७-झिप आपण आधीच घेतलं आहे. आयएसओवर राइट क्लिक केलं की सीआरसी एसएचए असा पर्याय दिसतो, त्यातलं एसएचए-२५६ निवडा. मिनिटभरात अक्षरं आणि आकडे मिळून ६४ खुणांची एक ओळ येईल. तीच ओळ मिंटच्या साइटवर चेकसमच्या फाइलमध्ये आहे का ते बघा. सगळी ओळ वाचत बसू नका, पहिल्या आणि शेवटच्या आठ-दहा खुणा जुळल्या तर उतरताना फाइल बिघडलेली नाही. घुसखोरीपुरती पक्की खात्री हवी असेल तर साइटवर सहीची फाइलही असते, ती कशी तपासायची तेही तिथेच लिहिलं आहे.

पेन ड्राइव्हवर ही फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. त्यासाठी रुफस हा छोटा प्रोग्राम वापरा, तो इन्स्टॉलही करावा लागत नाही. वरच्या खान्यात पेन ड्राइव्ह, खाली आयएसओ, बाकी सगळं आहे तसं ठेवून स्टार्ट. मध्ये तो पद्धत विचारेल तेव्हा त्यानंच सुचवलेली आयएसओ पद्धत ठेवा. स्टार्टआधी एकदा खात्री करा की वरच्या खान्यातला ड्राइव्ह खरंच पेन ड्राइव्हच आहे, बॅकअपची डिस्क नाही. शक्य तर बॅकअपची डिस्क काढूनच ठेवा.

विंडोज ठेवायचं असेल तर आणखी एक काम आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांचं काम ठरवणारा दुवा, त्यात फास्ट स्टार्टअपची खूण काढा. ती असेल तर विंडोज शट डाउन केल्यावरही खऱ्या अर्थानं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्सला विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागावर) लिहिता येत नाही, आणि पार्टिशन लहान करतानाही इन्स्टॉलर अडतो.

बसवण्याआधी चालवून बघणं

पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करायचा तर सुरुवातीला ठराविक कळ दाबावी लागते. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असुसवर एस्केप. लोगो दिसल्यावर दाबून उपयोग नाही, पॉवर दाबल्यापासूनच टकटक करत राहायचं. हे जमत नसेल तर विंडोज चालू असताना शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. निळा पडदा येईल, त्यात यूज अ डिव्हाइस निवडून पेन ड्राइव्हवर जाता येतं.

दोनेक मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप दिसेल. हा पेन ड्राइव्हवरूनच चालतोय, तुमच्या डिस्कला अजून काहीही झालेलं नाही. पेन ड्राइव्हवरून चालत असल्यामुळे तो जरा सुस्त वाटेल, त्यावरून मत बनवू नका. इथे घाई करू नका, तासभर द्या.

वायफाय जोडा. एखादा व्हिडिओ लावून आवाज बघा, हेडफोन लावून बघा. कॅमेरा, टचपॅड, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा बघा. लॅपटॉप असेल तर झाकण बंद करा, दोन मिनिटांनी उघडा आणि तो नीट जागा होतो का ते पाहा. या एका गोष्टीत जुने लॅपटॉप सगळ्यात जास्त त्रास देतात. प्रिंटर जोडून एक पान छापा. हल्लीचे नेटवर्क प्रिंटर आपोआप दिसतात. काही जुने लेझर प्रिंटर मात्र कंपनीच्याच ड्रायव्हरवर अडून बसतात, आणि ते इन्स्टॉल करण्याआधी कळलेलं बरं.

मग मेन्यूतून डिस्क्स नावाचा प्रोग्राम उघडा. डावीकडे तुमची डिस्क निवडा, वरच्या तीन टिंबांत स्मार्ट डेटा असा पर्याय आहे. येणाऱ्या तक्त्यात रीॲलोकेटेड सेक्टर काउंट आणि करंट पेंडिंग सेक्टर काउंट या दोन ओळी शोधा. दोन्हीपुढे शून्य असेल तर उत्तम. पहिल्या ओळीत आकडा दिसत असेल तर डिस्कनं खराब झालेल्या जागांऐवजी राखीव जागा वापरायला घेतल्या आहेत. दुसरीत दिसत असेल तर काही जागा तिला आत्ताच धड वाचता येत नाहीत. अशा डिस्कवर नवीन काही बसवू नका, आधी ती बदला. इन्स्टॉलरलाच डिस्क दिसत नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) साटाची पद्धत रेड (RAID) किंवा आरएसटी अशी असण्याची शक्यता असते. लिनक्सला ती एएचसीआय लागते. पण विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल नुसता करून मोकळं होऊ नका. विंडोज सुरूच होणार नाही. जाणकाराला शेजारी बसवूनच तो करा.

प्रत्यक्ष इन्स्टॉल

डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर डबल क्लिक. भाषा आणि कीबोर्ड निवडा. मल्टिमीडिया कोडेक्स बसवायचे का असं विचारलं की खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत.

खरा निर्णय पुढच्या पानावर आहे. विंडोजच्या शेजारी बसवा, किंवा सगळी डिस्क पुसून बसवा. पहिला पर्याय निवडलात तर मधली उभी रेघ सरकवून कोणाला किती जागा ते ठरवता येतं. समथिंग एल्स हा तिसरा पर्यायही असतो. पार्टिशन म्हणजे काय ते माहीत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. डिस्क पुसण्याच्या पर्यायाखाली एन्क्रिप्शनची सोय आहे. घराबाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपसाठी ती जरूर घ्या, पण पासवर्ड विसरलात तर डेटा गेला म्हणून समजा.

बाकी नाव, पासवर्ड वगैरे. एसएसडीवर सगळं मिळून वीसेक मिनिटांत उरकतं. शेवटी पेन ड्राइव्ह काढायला सांगेल. तो पुसू नका, लेबल लावून खणात ठेवा. कधी सिस्टिम सुरूच झाली नाही तर आत शिरायचं दार तोच आहे.

पहिल्या दिवशी एवढंच

मिंट सुरू झालं की स्वागताची खिडकी येते. तिच्यातल्या फर्स्ट स्टेप्स भागात करायच्या कामांची यादी आहे. माझा क्रम असा.

सगळ्यात आधी टाइमशिफ्ट. हा सिस्टिमचे फोटो काढून ठेवतो, म्हणजे अपडेटनं काही बिघडलं तर कालच्या अवस्थेत परतता येतं. आरसिंक पद्धत निवडा, दोन रोजचे आणि दोन आठवड्यांचे फोटो पुरेत. जास्त ठेवलेत तर डिस्क भरते आणि मग कारण शोधत बसावं लागतं. टाइमशिफ्ट तुमची कागदपत्रं आणि फोटो जपत नाही, मुद्दामच. ती बाहेरच्या डिस्कवर जपायला वेगळं बॅकअप टूल मिंटमध्येच आहे. या दोघांची गल्लत फार होते.

मग अपडेट मॅनेजर, खालच्या पट्टीतली ढाल. मिररचा वेग कमी वाटला तर सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जाऊन वेगवान मिरर निवडा. यादीच वेगाप्रमाणे लागते. सगळे अपडेट घेऊन रीस्टार्ट करा.

मग ड्रायव्हर मॅनेजर. एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड किंवा ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर इथे ड्रायव्हर सुचवला जातो, शिफारस लिहिलेलाच घ्या. मग फायरवॉल, ती मुळात बंद असते. एक बटण सरकवलं की चालू.

शेवटी स्टार्टअप ॲप्लिकेशन्स. तिथलं जे कळत नाही ते तसंच राहू द्या.

नवे प्रोग्राम सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या, वेबसाइटवरून फाइल उतरवून नाही. विंडोजची ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. एकाच प्रोग्रामची सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक अशी दोन रूपं दिसतील. सिस्टिम पॅकेज हलकं, फ्लॅटपॅक बहुधा नवीन पण जड. जागा कमी असेल तर पहिलं.

मशीन वेगवान करणाऱ्या शंभर युक्त्या सांगणारे लेख तुम्हाला भेटतील. स्वॅपिनेस ६० वरून १० करा, एसएसडीसाठी ट्रिम चालू करा, अमुक सेवा बंद करा. ट्रिम आठवड्यातून एकदा आपोआप होतच असतं. स्वॅपिनेसच्या आकड्यानं पडणारा फरक रोजच्या वापरात जाणवत नाही. सेवा बंद करण्यानं मात्र प्रिंटर गायब झाल्याचं महिन्यानंतर कळतं, आणि तोवर आपण काय बंद केलं होतं ते आठवत नाही. सिनॅमन जड वाटत असेल तर सेटिंग्जमध्ये इफेक्ट्स बंद करा. तेवढी एक युक्ती खरी आहे.

मराठी लिहिणं

मराठी वाचायला काहीच करावं लागत नाही, नोटो फॉन्ट आधीच असतात. लिहायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट्स भागात मराठी लेआउट जोडा. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी) शिकण्याची तयारी असेल तर तीच शिका. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एन वर ल, शिफ्ट-एन वर ळ; जे वर र, शिफ्ट-जे वर ऱ. ‘तऱ्हा’ लिहून बघा, तो ऱ नीट जोडला गेला तर कीबोर्ड बरोबर आहे. रोमन उच्चारावरून लिहायची सवय असेल तर इनपुट मेथड या सेटिंगमधून आयबस आणि एम१७एन बसवून घ्या, त्यात तसे पर्याय मिळतात.

लिब्रेऑफिसमध्ये एक खाच आहे. भाषांच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून मराठी निवडा, आणि रायटरच्या बेसिक फॉन्ट्स या भागात मराठीचा फॉन्ट वेगळा ठरवा. नाहीतर वरून फॉन्ट बदलतोय पण नवं पान उघडलं की देवनागरी पुन्हा मूळपदावर, असा खेळ चालतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेल्या जुन्या फाइली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर घाबरू नका. ते फॉन्ट युनिकोड (सगळ्या लिप्यांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत) पाळत नसल्यामुळे आत खरोखर तीच अक्षरं असतात. अशी कागदपत्रं कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणावी लागतात, आणि बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात. जोडाक्षरांत चुका राहतात.

काही अडलं तर

अपडेटनंतर पडदा काळाच राहिला, तर सुरू होताना दिसणाऱ्या यादीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स निवडून आधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) घ्या. मिंट जुने कर्नल लगेच काढून टाकत नाही ते याचसाठी. तेही चालत नसेल तर खणातला पेन ड्राइव्ह लावा, त्यावरच्या टाइमशिफ्टमधून मागची अवस्था परत आणा. दोन्ही सिस्टिम असलेल्या मशीनवर विंडोजचं घड्याळ चुकलेलं दिसेल, कारण आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये सिंक नाउ दाबलं की ते जाग्यावर येतं.

मदत मागताना ‘वायफाय चालत नाही’ एवढंच लिहू नका. मेन्यूत सिस्टिम रिपोर्ट्स आहे, त्यातली सिस्टिम इन्फर्मेशन कॉपी करून सोबत द्या, आणि बिघडण्याच्या आधी शेवटचं काय बदललं होतं ते लिहा. उत्तरादाखल कोणी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत) चिकटवायला एखादी ओळ दिली, तर ती काय करते ते त्यालाच विचारा आणि समजल्याशिवाय चिकटवू नका. पासवर्ड मागणारी ओळ असेल तर टाइमशिफ्टचा एक ताजा फोटो आधी काढून ठेवा.